बोलिंगची बर्थडे पार्टी आणि ‘माझा नंबर कधी?’

गेल्या महिन्याभरात फिरून फिरून हाच प्रश्न येतोय म्हणून आज त्यावरच लिहिते. एका ताईंनी विचारलंय, मुलगा सात वर्षांचा होतोय, बोलिंग पार्टीच हवी म्हणून हटून बसलाय, शाळेतली आठ मुलं, आपल्या मराठी ग्रुपमधली सहा-सात, शिवाय त्यांची धाकटी भावंडं येतील ती वेगळीच, तर एक लेन (म्हणजे बॉल घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडायची ती लांब पट्टी) पुरेल का दोन घेऊ?

ताई, तीन घ्या. का ते सांगते, पण त्याआधी एक गंमत. आमच्याकडे पहिल्यांदा बोलिंग पार्टी ठरली तेव्हा आजोबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले अरे वा, मग बॅटिंग कोण करणार? त्यांना वाटलं क्रिकेट. मग व्हिडिओ कॉलवर लेन दाखवली तेव्हा म्हणाले, हे म्हणजे गोट्यांसारखंच की, फक्त गोटी मोठी. तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा कसली पार्टी आहे ते. दुसरं म्हणजे ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर बुकिंग करताना ‘टेनपिन’ हा शब्द बघून घ्या, तिकडे नुसतं ‘बोल्स’ म्हटलं की हिरवळीवर शांतपणे खेळायचा खेळ निघतो, सात वर्षांच्या पंधरा पोरांना तिथे कोणी उभं करणार नाही.

आता मुद्द्याचं. बोलिंगमध्ये पोरं खेळतात कमी आणि थांबतात जास्त, हे कोणी आपल्याला आधी सांगतच नाही. फोटोत सगळे उड्या मारताना दिसतात ना, ते त्या दहा सेकंदांचे फोटो असतात. बाकीचा वेळ पोरं मागे सोफ्यावर बसून ‘माझा नंबर कधी, माझा नंबर कधी’ करत असतात. त्यामुळे पार्टीचं सगळं प्लॅनिंग या एका प्रश्नाभोवती करायचं, डेकोरेशन, केक, रिटर्न गिफ्ट हे सगळं नंतर.

हिशोब सोपा आहे. एका गेममध्ये १० फ्रेम, म्हणजे प्रत्येकाचा दहा वेळा नंबर, आणि प्रत्येक वेळी दोन बॉल टाकायचे (पहिल्याच बॉलला सगळ्या पिना पडल्या, म्हणजे स्ट्राइक झाली, तर एकच). लेनची लांबी ६० फूट, मोठ्या माणसाचा बॉल दोन-तीन सेकंदात पोचतो पण लहान मुलाचा बॉल इकडे धडक तिकडे धडक करत रमतगमत जातो, मग मशीन पडलेल्या पिना सरकवणार, उरलेल्या परत उभ्या करणार, बॉल परत येणार, त्यात पोराला तोच निळा बॉल हवा असणार. एकेका नंबरला दीड मिनिट सहज जातं. म्हणजे एका मुलाला एका गेमला पंधरा मिनिटं. मोठ्यांचं दहा मिनिटांत होतं, पण आपण सहा-सात वर्षांवाल्यांचं बोलतोय. एका लेनवर चार मुलं असतील तर एक गेम एका तासात, पाच असतील तर सव्वा तास, आणि आठ असतील तर दोन तास, आणि तेव्हा प्रत्येक मूल दीड मिनिट खेळून दहा मिनिटं बसणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला मी आठ मुलं एका लेनवर बसवली होती, बुकिंगवाल्याने चालेल म्हटलं म्हणून, त्याचं काय जातंय. एक तासाची लेन, त्यातली पहिली पंधरा मिनिटं तिथले भाड्याचे बूट घालण्यात आणि स्क्रीनवर नावं टाकण्यात गेली, जेमतेम चौथी फ्रेम चालू झाली आणि खट्कन लाईट गेले, स्क्रीनवर वेळ संपल्याचा मेसेज. बर्थडे गर्लचा नंबर लिस्टमध्ये शेवटचा होता. पुढचं सांगत नाही.

तर त्या ताईंच्या पंधरा मुलांना तीन लेन, प्रत्येकी पाच, आणि वेळ दीड तास. लेन शेजारी-शेजारी हव्यात हे बुकिंग करतानाच सांगून लिहून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर लेन कमी करण्यापेक्षा मुलं कमी करा. तसंही आपल्याकडे एक मूल बोलावलं की चार माणसं येतात, त्यामुळे इन्व्हिटेशनमध्ये ‘बूट आणि बोलिंग यांचं बुकिंग फक्त अमुक मुलासाठी आहे’ असं गोड शब्दात पण स्पष्ट लिहायला लाजू नका. धाकट्या भावंडांना यायचं असेल तर येऊ देत, केक खाऊ देत, पण खेळायचं ते लेनच्या लिस्टमध्ये नाव आधीपासून असेल तरच. ऐन वेळी एक नाव वाढलं की त्या लेनवरच्या सगळ्यांचा गेम पंधरा मिनिटांनी लांबतो. आणि शाळेतल्या मुलांच्या आईवडिलांना सोडून जायचंय का थांबायचंय हे आधी कळवा, नाहीतर अर्धे जण सोडून जातात, अर्धे थांबतात आणि थांबलेल्यांना आपण काय करायचं ते कळत नाही.

बुकिंगला आणखी एक विचारायचं, पैसे तासावर का गेमवर? मुलं लहान असतील तर गेमवर परवडतं, कारण लहान मुलं हळू खेळतात आणि ते तुमच्या पथ्यावर पडतं. दहा-बारा वर्षांचे असतील तर तासावर घ्या, ती पोरं सटासट खेळतात, तेवढ्या वेळात जास्त खेळून होतं.

कॅनडातल्या मंडळींसाठी खास सांगते, तुमच्याकडे फाइव्ह-पिन मिळत असेल तर लहान मुलांसाठी तेच बघा. हा प्रकार टोरोंटोत १९०९ च्या सुमाराला सुरू झाला. बॉल हातात मावेल एवढा, साधारण साडेतीन पाउंडाचा, त्याला बोटं घालायची भोकं नाहीत, आणि प्रत्येक फ्रेमला तीन बॉल मिळतात. पाच पिनांना २, ३, ५, ३, २ असे मार्क, मधली पाचाची, त्यामुळे बेरजेची प्रॅक्टिस फुकट होते. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या बाजूला कँडलपिन असतं, त्यातही छोटा बॉल आणि तीन चान्स, पण पिना बारीक आणि पडता पडत नाहीत, त्यामुळे पाच-सहा वर्षांची मुलं कंटाळतात असं माझं मत. तिथे थोडी मोठी मुलं न्या.

आता बॉल. मुलं बॉल रंगावर निवडतात, हे धरूनच चला. बाबा लोक पण कमी नाहीत, ‘जमेल रे तुला’ म्हणून दहा पाउंडाचा बॉल हातात देतात. साधा नियम असा की वयाइतके पाउंड, सहा वर्षांच्याला ६ पाउंड म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, आठ वर्षांच्याला ८, आणि मूल किडकिडीत असेल तर त्याहून हलका. जास्तीत जास्त जड बॉल १६ पाउंडाचा असतो, म्हणजे सव्वासात किलो, तो पायावर पडला तर पार्टी तिथेच संपली. बऱ्याच ठिकाणी रंगावरून वजन ठरलेलं असतं, आधी जाऊन बघून या आणि मुलं यायच्या आत हलके बॉल तुमच्या लेनच्या रॅकवर गोळा करून ठेवा, बाकीचे परत नेऊन ठेवा. म्हणजे रंगावर भांडले तरी हलक्या बॉलवरच भांडतील.

सहा वर्षांच्या आतल्यांनी भोकात बोटं घालायचीच नाहीत. अंगठा अडकतो, बॉलबरोबर मूल पण पुढे जातं. दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून, लेन सुरू होते त्या रेषेपाशी वाकून ढकलायचा, बस. रॅम्प मिळतो तो पण मागून घ्या, घसरगुंडीसारखा स्टँड असतो, बॉल वर ठेवायचा आणि ढकलायचा, तीन-चार वर्षांच्या मुलांना आणि व्हीलचेअरवरच्या मुलांनाही त्यामुळे बरोबरीने खेळता येतं. आणि बंपर म्हणजे दोन्ही बाजूच्या कडा, बॉल गटरमध्ये जाऊ नये म्हणून वर येतात त्या. बऱ्याच सेंटरमध्ये आता बंपर ज्याच्या त्याच्या नावापुढे चालू-बंद करता येतात, लहान्याचा नंबर आला की वर, मोठ्याचा आला की खाली. हे नक्की विचारा, कारण बारा वर्षांच्या दादाला बंपर लावून खेळायला सांगितलं की त्याचं तोंड बघवत नाही.

बूट आणि मोजे. उन्हाळ्यात पार्टी असेल तर अर्धी मुलं सँडलमध्ये येतात, मोजे नाहीत, आणि भाड्याचे बूट मोज्याशिवाय घालायचे म्हणजे... असो. इन्व्हिटेशनमध्ये मोजे हा शब्द ठळक लिहा आणि तरीही पाच-सहा जोड जास्तीचे पिशवीत टाका. बुटाचे साईझ अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि युरोपात वेगवेगळे, त्यामुळे नुकतेच एका देशातून दुसरीकडे आलेले असाल तर गोंधळ होतो, त्यापेक्षा सगळ्या मुलांचे साईझ दोन दिवस आधी मेसेजवर मागवा आणि काउंटरवर चिठ्ठी द्या, दहा मिनिटं वाचतात. हे बूट का लागतात असं मुलं विचारतातच, तर त्यांचा तळ गुळगुळीत असतो म्हणजे शेवटच्या पावलाला सरकता येतं. त्या तळाला पाणी किंवा सरबत लागलं की पाय सरकायच्या ऐवजी चिकटतो आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून खाणंपिणं लेनच्या बाजूला अजिबात नाही. तेलकट हात असले की बॉल निसटतो हे वेगळंच. माझं म्हणणं आधी खेळ, मग हात धुऊन केक. उलटं केलंत तर पस्तावाल.

रेषेच्या पुढे जायचं नाही हे मात्र पोरांना पहिल्याच मिनिटाला, सगळ्यांना समोर बसवून, सांगायचं. लेनवर तेल लावलेलं असतं, दिसत नाही, पण पाय ठेवला की घसरलाच. आणि लहान मुलाचा हलका बॉल कधीकधी मध्येच थांबून बसतो, मग ते मूल भाबडेपणाने आणायला धावतं. थांबवायचं, स्टाफला हाक मारायची. तसंच पिना आवरायला तो आडवा दांडा खाली आलेला असताना दुसरा बॉल सोडायचा नाही. आणि बॉल परत येतो तिथे बोटं घालायची नाहीत, येणारा बॉल आणि थांबलेला बॉल यांच्यात बोट चेमटतं, बॉल दोन्ही बाजूंनी धरून उचलायचा. यासाठी प्रत्येक लेनला एक मोठं माणूस अंपायर म्हणून उभं करा. ते माणूस फोटो काढणारं नको, आणि शक्यतो स्वतः खेळायची हौस असलेला काका पण नको. आमच्याकडे एक काका ‘थांब तुला दाखवतो’ म्हणून मुलीचा नंबर खाऊन गेले होते, स्ट्राइक पण पडली नाही.

स्क्रीनवर नावं टाकायचं काम घरचं कोणीतरी करा. आपली नावं काउंटरवरच्या माणसाला सांगितली की काय काय होतं ते तुम्हाला माहिती आहे, आणि मुलाला स्वतःचं नाव त्या मोठ्या स्क्रीनवर बरोबर दिसणं ही त्या दिवसाची अर्धी मजा असते. बर्थडे बॉय लिस्टमध्ये मधे ठेवा. पहिला ठेवला तर सगळे येईपर्यंत त्याचा नंबर होऊन जातो, शेवटी ठेवला तर काय होतं ते वर सांगितलंय. आणि शाळेतले एका लेनवर, मराठी ग्रुपचे दुसऱ्या लेनवर असं करू नका. आपोआप तेच होतं, मुलं ओळखीच्या टोळक्यात बसतात आणि ज्याचा वाढदिवस तो दोन लेनच्या मध्ये उभा राहतो, कुठे जाऊ. आधीच मिसळून लिस्ट करा.

स्कोअरबद्दल दोन शब्द, कारण रडारड तिथून सुरू होते. मुलाने स्ट्राइक मारली की सगळे ओरडतात आणि स्क्रीनवर मात्र त्याच्या चौकटीत आकडा येतच नाही. मूल म्हणतं माझे पॉइंट्स खाल्ले. तसं नसतं, स्ट्राइकचे १० अधिक पुढच्या दोन बॉलना जे मिळेल ते, आणि स्पेअर म्हणजे दोन बॉलमध्ये सगळ्या पाडल्या तर १० अधिक पुढच्या एका बॉलचं, म्हणून मशीन थांबतं. ओळीने बारा स्ट्राइक मारल्या (दहाव्या फ्रेमला स्ट्राइक पडली तर आणखी दोन बॉल मिळतात, म्हणून बारा) तर ३००, त्याच्यावर स्कोअर नाही. हे सुरुवातीलाच सांगितलं तर पुढची समजावणी वाचते. आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांना फार आवडते, ती म्हणजे अगदी नेमक्या स्ट्राइकला बॉल स्वतः दहातल्या फक्त चार पिनांना लागतो, बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. ऐकल्यावर पोरं दर वेळी मोजायला लागतात. बसलेल्यांना काम मिळालं की नाही?

बक्षीस मात्र सगळ्यात जास्त स्कोअरला देऊ नका. चार वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच पार्टीत असताना त्याला काही अर्थ नाही. आम्ही अख्ख्या लेनची बेरीज करतो, लेनवर सगळ्या वयांची मुलं वाटून बसवलेली असतात, त्यामुळे दादा लोक छोट्यांना चक्क शिकवतात, पिनांकडे नको बघू, जवळचे बाण दिसतायत ना जमिनीवर त्यांच्याकडे बघून सोड. लेनवर सात बाण असतात, लहान मुलाला ६० फुटांवरचं काही कळत नाही पण बाण कळतो.

थांबायच्या वेळात काय करायचं? मागच्या टेबलावर कागदाच्या पिना कापून रंगवायला ठेवा, स्कोअर हाताने लिहायचा तक्ता ठेवा, स्टिकर ठेवा. पण गेमच्या मशीनची कार्डं सुरुवातीला वाटू नका हो! पोरगं तिकडे पळतं, इकडे स्क्रीनवर त्याचं नाव लुकलुकत बसतं आणि चार जण त्याला शोधत फिरतात. कार्ड द्यायचंच असेल तर केक झाल्यावर, पालक घ्यायला येईपर्यंतच्या वेळात.

दिवे बंद करून निळ्या प्रकाशात, मोठ्या आवाजात गाणी लावून खेळतात तो ग्लो प्रकार आठ-नऊ वर्षांच्या पुढच्यांना भयंकर आवडतो, पांढरा टीशर्ट घालून यायला सांगा, चमकतो. पण लहान मुलं घाबरतात, आणि ज्या मुलांना आवाज-लाईट सहन होत नाहीत त्यांना तो तास छळच. त्यांच्या आईला आधी एक मेसेज टाका, आवाज कमी करता येतो का ते सेंटरला विचारा, सकाळची वेळ घ्या, तेव्हा सहसा गर्दी आणि गोंगाट दोन्ही कमी असतं.

बाहेरचं जमणारच नसेल, किंवा मुलं चार-पाच वर्षांचीच असतील, तर घरी करा, मी तर म्हणेन त्या वयाला घरीच जास्त मजा. पाण्याच्या रिकाम्या दहा बाटल्या, तळाला दोन-तीन बोटं पाणी, झाकणं घट्ट, नाहीतर गालिच्याची वाट. मांडणी चार, तीन, दोन, एक. अंतराचं गणित खऱ्या लेनवरून घ्या, तिथे बॉल साडेआठ इंचाचा आणि पिना १२ इंचांवर, म्हणजे बॉलच्या रुंदीच्या साधारण दीडपट. तुमचा रबरी बॉल ६ इंचाचा असेल तर बाटल्या साडेआठ इंचांवर ठेवा. फार लांब ठेवल्या की बॉल मधून निघून जातो आणि मूल हिरमुसतं. बाटल्यांच्या जागी जमिनीवर टेपच्या खुणा करा, रेषेला पण टेप, दहा-बारा फुटांवर. खाली कोणी राहत असेल तर बाटल्यांखाली जाड सतरंजी अंथरा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून या. आणि घरच्या पार्टीत थांबायचा प्रश्नच येत नाही, कारण बाटल्या उभ्या करायला माणसं लागतात. १९५० च्या दशकात मशीन सगळीकडे पोचेपर्यंत खऱ्या सेंटरमध्ये पण पोरंच पिना हाताने उभ्या करायची. आमच्या धाकट्याला बॉल टाकण्यापेक्षा बाटल्या मांडण्यातच जास्त रस होता, तासभर हलला नाही तिथून.

रिटर्न गिफ्टवर डोकं फार चालवू नका. त्याऐवजी सेंटरला एक विचारा, जुनी बाद झालेली पिन मिळेल का, बऱ्याच ठिकाणी बर्थडेच्या मुलाला देतात. पंधरा इंच उंच, दीड किलोची खरीखुरी पिन. त्यावर सगळ्या मुलांच्या सह्या घ्यायच्या, पक्क्या शाईचा मार्कर घरून न्यायचा, तिथे मिळत नाही, आणि सह्या केक कापायच्या आधी घ्यायच्या, नंतर क्रीमचे हात लागतात. आमच्या पिनवर एक सही अर्धी आहे, तेवढ्यात त्याचा नंबर आला.